वाचक-संवाद : स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खून आणि हसू

मागील अंकात स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या गावांत घडणाऱ्या विनोदी रहस्यकथांचा परिचय करून दिला होता. त्या लेखावर पुण्यातून बरीच पत्रे आली. ज्या प्रश्नांना सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटले, ते येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : खून ही गंभीर घटना आहे. एका पानावर प्रेत सापडते आणि पुढच्याच पानावर लेखिका आपल्याला हसवू लागते, हे मला खटकते. मृत्यूची थट्टा करून करमणूक करण्यात कोणते वाङ्मयीन मूल्य आहे? (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : आपली हरकत रास्त आहे, आणि या प्रकारातील सुमार पुस्तकांना ती पुरेपूर लागू पडते. चांगल्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र हसू नेमके कोणावर येते, हे तपासून पाहावे लागते. एम. सी. बीटन यांच्या 'डेथ ऑफ अ गॉसिप' (१९८५) या कादंबरीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलंड परगण्याच्या किनाऱ्यावरील लॉखडू या काल्पनिक गावी गळाने मासे पकडण्याची विद्या शिकण्यासाठी काही पाहुणे जमतात. त्यांतील एक बाई वृत्तपत्रात कुचाळक्यांचे सदर लिहिणारी असते आणि इतरांच्या गतायुष्यातील झाकलेल्या गोष्टींचा तिला सुगावा लागलेला असतो. तिचा खून होतो. त्यानंतर आपण हसतो ते जिवंत माणसांच्या अब्रूच्या भीतीवर, एकमेकांकडे संशयाने पाहत चाललेल्या त्यांच्या शिष्टाचारांवर आणि बाहेरून आलेल्या वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याच्या तोऱ्यावर. मेलेल्या बाईवर कोणी हसत नाही.

बीटन यांचे मूळ नाव मॅरियन चेस्नी. १९३६ साली ग्लासगोत जन्मलेल्या या लेखिकेने पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली आणि नंतर वृत्तपत्रासाठी गुन्हेविषयक वार्ताहर म्हणून काम केले. पुढे सदरलंडमध्ये गळाने मासे पकडणे शिकण्यासाठी त्या स्वतः गेल्या असताना त्यांना हॅमिश मॅकबेथ या गावच्या पोलिसाभोवती फिरणाऱ्या या मालिकेची कल्पना सुचली. ज्या बाईने ग्लासगोतील खरे गुन्हे पाहिले होते, तिने आपल्या कादंबऱ्यांतून रक्तपात जवळजवळ हद्दपार केला, हा मला अजाणतेपणा वाटत नाही. खुनाचे तपशील टाळून खुनामुळे गावात काय काय हलते, याकडे लक्ष वळवण्याचा तो निर्णय होता.

आता मूल्याविषयी. माझ्या मते या कथांतील गुन्हा आणि विनोद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच कारणातून निर्माण होतात. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये अडकलेले लहानसे गाव, त्यात एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणारी माणसे, आणि कायदा मात्र दूरच्या शहरातून येणारा. शहरातल्या रहस्यकथेत शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नसतो, म्हणून गुप्तहेराला माहिती गोळा करत हिंडावे लागते. किनाऱ्यावरच्या गावात बहुतेकांना बहुतेक सगळे ठाऊक असते, पण परक्याला कोणी काही सांगत नाही. बाहेरचा अधिकारी प्रश्न विचारतो, त्याला चहा मिळतो, हवेविषयी माहिती मिळते, कोणाच्या तरी आजोबांची हकिगत ऐकायला मिळते आणि उत्तर तेवढे मिळत नाही. हा प्रसंग वाचताना आपण हसतो. परंतु त्याच मौनाच्या आडोशाला खुनीही बसलेला असतो, आणि ज्या शेजाऱ्याला आपण सांभाळून घेत आहोत त्यानेच हे केले असेल काय, हा प्रश्न गावकऱ्यांना रात्री झोपू देत नाही. एकाच मौनातून हसू आणि भीती दोन्ही येतात. ज्या लेखकाला हे साधते त्याच्या पुस्तकात खून आणि विनोद एकमेकांना खटकत नाहीत.

जिथे हे साधत नाही तिथे गावकरी केवळ विचित्र बोलणारी, विक्षिप्त, पर्यटकाच्या नजरेतली माणसे होऊन उरतात. बीटन यांच्या मालिकेतील उत्तरार्धातील काही पुस्तकांतही मला हा दोष जाणवतो. गावातील ठरलेली माणसे ठरलेल्या लकबी दाखवून जातात आणि कथा घाईने उरकली जाते. आपली हरकत त्या पुस्तकांवर घ्यावी, मी आपल्या बाजूने उभा राहीन.

प्रश्न : माझी सारी नोकरी पोलिस खात्यात गेली. बीटन यांचा नायक हॅमिश मॅकबेथ हा गावचा पोलिस शिपाई नदीतला साल्मन मासा चोरून पकडतो, बढती टाळतो आणि स्वतः लावलेल्या तपासाचे श्रेय वरिष्ठाला देऊन टाकतो. अशा माणसाला नायक करणे म्हणजे बेशिस्तीचे कौतुक नव्हे काय? (एक निवृत्त अधिकारी, सहकारनगर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या किनाऱ्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास कादंबरीत फारसा सांगितलेला नाही, कारण स्कॉटिश वाचकाला तो सांगावा लागत नाही.

सदरलंडच्या किनाऱ्यावरील अनेक वस्त्या तिथल्या माणसांनी आपण होऊन निवडलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या परगण्याच्या जमीनदार घराण्याने आतील सुपीक खोऱ्यांतून कुळांना हुसकावून लावले आणि त्या जागी मेंढ्यांचे मोठे कळप ठेवले. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ साली घरे पेटवून लोकांना बाहेर काढल्याबद्दल जमीनदारीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हरनेस येथे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. हुसकावलेल्या कुटुंबांना समुद्राकाठी खडकाळ जमिनीचे लहान तुकडे देण्यात आले. ते मुद्दामच अपुरे ठेवलेले होते, म्हणजे पोटासाठी त्यांना मासेमारी करणे भाग पडावे. शेतीवर वाढलेली माणसे अशा रीतीने दर्यावर ढकलली गेली. त्यांच्या वंशजांना जमिनीवर राहण्याची कायदेशीर हमी मिळायला १८८६ चा कुळकायदा यावा लागला, आणि त्याच सदरलंडमधील असिंट भागातील कुळांनी १९९३ साली आपली जमीन स्वतः विकत घेतली.

यात साल्मनचा प्रश्न मिसळा. स्कॉटलंडच्या कायद्यात साल्मन पकडण्याचा हक्क ही जमिनीहून वेगळी अशी मालमत्ता आहे. तो हक्क मुळात राजसत्तेचा आणि तिच्याकडून पुढे जमीनदारांकडे गेलेला. त्यामुळे घरासमोरून वाहणाऱ्या नदीतला मासा घरातल्या माणसाचा होत नाही. तो हक्क बहुधा वर्षातून काही आठवडे शिकारीसाठी येणाऱ्या मालकाचा असतो. ज्या लोकांच्या पणजोबांची घरे कायद्याच्या पहाऱ्यात जाळली गेली आणि ज्यांनी जाळली ते न्यायालयातून सुटले, त्या लोकांच्या न्यायबुद्धीत घरच्या हंडीपुरता एक साल्मन घेणे हे पाप ठरत नाही. हॅमिश हा त्याच लोकांतला आहे. तो साल्मन पकडतो तेव्हा गावाच्या कायद्याने वागतो आणि खुन्याला पकडतो तेव्हा राज्याच्या कायद्याने. ज्या ठिकाणी हे दोन कायदे एक होतात, म्हणजे माणसाच्या जिवाच्या बाबतीत, तिथे तो कधीही हयगय करत नाही. ही गोष्ट आपल्यासारख्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटू नये असे मला मनापासून वाटते.

बढतीचे कारण अधिक सरळ आहे. यश पदरात घेतले तर बदली होईल, स्ट्रॅथबेन या काल्पनिक शहरात टेबलावर बसावे लागेल, कोंबड्या आणि मेंढ्या सोडाव्या लागतील, आणि गावातली पोलिस चौकीही बंद होण्याची शक्यता आहे. म्हणून तो तपासाचे श्रेय मुख्य निरीक्षक ब्लेअरच्या हाती देतो. वाचकाला यात एक समाधान मिळते, ते असे की गावाला खरे काय ते ठाऊक असते. आपण ज्याला बेशिस्त म्हणता ती या माणसापुरती निष्ठा आहे, मात्र ती खात्यावरची नसून ठाण्याच्या हद्दीतील माणसांवरची आहे. आपल्या नोकरीच्या काळात एकाच ठाण्यात वर्षानुवर्षे राहून हद्दीतले घर अन् घर ओळखणारे हवालदार आपण पाहिले असतील. त्यांच्याविषयी आपले काय मत होते, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

प्रश्न : बुडालेल्या जहाजातील व्हिस्की बेटावरच्या लोकांनी पळवली, ही 'व्हिस्की गलोअर' कादंबरीची गोष्ट खरी घडलेली आहे, असे आमच्या वाचनकट्ट्यावर कोणी सांगितले. त्यात तथ्य किती? (कर्वेनगर येथील वाचनकट्ट्याचे सदस्य)

उत्तर : तथ्य पुष्कळ आहे. एस. एस. पॉलिटिशियन हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४१ मध्ये लिव्हरपूलहून जमैका आणि अमेरिकेकडे निघाले असताना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बाह्य हेब्रिडीझ या बेटसमूहातील एरिस्के बेटाजवळ खडकांवर चढले. खलाशी वाचले. जहाजावर व्हिस्कीच्या सुमारे २२,००० पेट्या, म्हणजे अडीच लाखांहून अधिक बाटल्या होत्या, आणि त्या निर्यातीसाठी असल्याने त्यांवर देशांतर्गत कर भरलेला नव्हता. युद्धाच्या टंचाईत बेटांवर व्हिस्की मिळेनाशी झाली होती. दर्याने किनाऱ्यावर आणून टाकलेले ते ज्याला सापडेल त्याचे, अशी बेटकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. सीमाशुल्क खात्याच्या लेखी मात्र ती सरळ चोरी होती. गावात झडत्या झाल्या, बाटल्या लपवल्या गेल्या, खटले चालले आणि काही जणांना इन्व्हरनेसच्या तुरुंगात जावे लागले. शेवटी जहाजाचा सांगाडा सुरुंगाने फोडण्यात आला.

त्या वेळी शेजारच्या 'बारा' नावाच्या बेटावर राहणारे कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी या घटनेवर १९४७ साली ही कादंबरी लिहिली. त्यांनी बेटांची नावे बदलली, जहाजाला एस. एस. कॅबिनेट मिनिस्टर असे नाव दिले आणि तुरुंग जवळजवळ वगळून टाकला. अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांनी दिग्दर्शित केलेला १९४९ चा चित्रपट 'बारा' बेटावरच चित्रित झाला. त्यातील सर्वांत सुंदर विनोद रविवारचा आहे. माणसे होड्या घेऊन जहाजाकडे निघण्याच्या बेतात असताना घड्याळात मध्यरात्रीचे ठोके पडतात, पवित्र रविवार सुरू होतो, आणि सारे गाव समोरच्या जहाजाकडे पाहत चोवीस तास हात जोडून बसते. करबुडवेपणा चालतो, पण रविवारी काम चालत नाही. ही कल्पना परक्या वाचकाला अतिशयोक्त वाटते. पण लुईस बेटावरील स्टॉर्नोवे बंदरातून रविवारची पहिली नियमित प्रवासी बोट जुलै २००९ मध्ये सुटली, तीही विरोध पत्करून, हे ध्यानात घेतले तर तो विनोद किती जमिनीवरचा आहे हे कळते.

माझे मत असे की मॅकेन्झींच्या कादंबरीचा आनंद घेताना तुरुंगात गेलेल्या खऱ्या माणसांची आठवण वाचकाने ठेवली पाहिजे. कादंबरी बेटकऱ्यांच्या बाजूची आहे, आणि तिच्यावर माझे प्रेम आहे. पण प्रत्यक्षात ज्यांच्या घरातला कमावता माणूस कोठडीत गेला त्यांना तो विनोद पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ दुरून ऐकू आला असेल.

प्रश्न : या कादंबऱ्यांत वारंवार येणारा 'फिस्कल' हा अधिकारी कोण? इंग्लंडमधल्या रहस्यकथांत तो दिसत नाही. (एक विधी विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना)

उत्तर : स्कॉटलंडची न्यायव्यवस्था इंग्लंडहून वेगळी आहे. प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी अभियोक्ता असतो आणि संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूची चौकशीही त्याच्याच अखत्यारीत येते. इंग्लंडमधला कॉरोनर तिथे नाही. फौजदारी खटल्यातील ज्युरी पंधरा जणांची असते. दोषी आणि निर्दोष यांखेरीज 'सिद्ध झाले नाही' असा तिसरा निकालही तिथे शतकानुशतके होता. तो रद्द करणारा कायदा स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. रहस्यकथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम पुराव्याचा आहे. आरोप सिद्ध होण्यासाठी साधारणतः दोन स्वतंत्र स्रोतांतून आलेला पुरावा लागतो, त्यामुळे शेवटच्या प्रकरणात खुन्याने नुसता कबुलीजबाब देऊन भागत नाही. जुन्या पुस्तकांत स्थानिक पोलिस दलांची नावे येतात. तिथल्या आठ दलांचे मिळून एकच दल १ एप्रिल २०१३ पासून झाले.

प्रश्न : बीटन यांच्यापलीकडे काय वाचावे? (अनेक पत्रे)

उत्तर : कोडे सोडवण्याची हौस असेल तर डोरोथी सेअर्स यांची 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१) घ्यावी. नैऋत्य किनाऱ्यावरील कर्कूब्री आणि आसपासच्या गावांत ती घडते. चित्रकारांच्या वसाहतीतला एक भांडखोर चित्रकार मरतो, संशयित सहा आणि सहाही चित्रकार. आगगाड्यांची वेळापत्रके समोर ठेवून वाचावी लागते, ते काहींना कंटाळवाणे होईल. घटनास्थळी कोणती वस्तू सापडली नाही, हे लेखिका मुद्दाम सांगत नाही. ते वाचकाने ओळखायचे आहे, आणि चित्रकला शिकलेल्या वाचकाला ते आधी उमगेल.

विनोद नको असेल तर ॲन क्लीव्ह्ज यांची 'रेव्हन ब्लॅक' (२००६). शेटलंड बेटांवर हिवाळ्यात दिवस सुमारे सहा तासांचा आणि ऐन उन्हाळ्यात रात्र जवळजवळ नसते, याचा तपासावर होणारा परिणाम क्लीव्ह्ज यांच्याइतका नेमका कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. रात्रभर संधिप्रकाश असताना साक्षीदाराने 'अंधार पडल्यावर पाहिले' असे म्हणणे निरर्थक ठरते. गावाचे मौन तिथेही आहे, फक्त त्यावर हसायला येत नाही.

प्रश्न : माझे गाव देवगड तालुक्यात आहे. या धर्तीवर कोकणच्या किनाऱ्यावरची मराठी रहस्यकथा लिहिण्याचा माझा विचार आहे. मराठीत असे फारसे का झाले नाही, आणि सुरुवात कशी करावी? (एक वाचक, धायरी)

उत्तर : मराठी रहस्यकथा मुंबईत वाढली. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडला शहराचा पसारा लागत होता. कोकणाच्या वाट्याला व्यक्तिचित्र, विनोद आणि भुताखेतांच्या गोष्टी आल्या. हे दोन प्रवाह एकमेकांना क्वचितच भेटले, आणि याची मला फार दिवसांपासून हळहळ वाटते, कारण किनाऱ्यावरच्या गावाचे ते आडवळणी बोलणे आपल्याकडे किती समृद्ध आहे हे पु. ल. देशपांडे यांच्या अंतू बर्व्याने दाखवून दिलेले आहे. त्या माणसाला जबानी द्यायला बसवले आहे अशी कल्पना करून पाहावी. तपास अधिकाऱ्याच्या कागदावर काय उतरेल आणि काय सुटेल, यातच आपली कादंबरी आहे.

हॅमिशची नक्कल करून त्याला खाकी गणवेश चढवू नये. आपल्याकडे त्याहून सरस पात्र तयार आहे, ते म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला हा माणूस गावातलाच असतो, मानधनावर काम करतो, आकस्मिक मृत्यूची वर्दी ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्य असते, आणि ज्याच्याविषयी वर्दी द्यायची तो बहुधा त्याचा भाऊबंद असतो. गाव आणि कायदा यांच्यामधली जी ओढाताण स्कॉटिश लेखकांना कल्पनेने उभी करावी लागली, ती या पदातच आहे.

काळ विचारपूर्वक निवडावा. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तांडेल आणि खलाशी रिकामे असतात आणि समुद्रावर गेलो होतो ही सबब कोणाला देता येत नाही. याउलट गणपतीत मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात, बंद घरे उघडतात, सामाईक जमिनीचे जुने वाद अंगणात येतात, आणि गावात एकही परका नसताना निम्मे लोक वर्षभर गावाबाहेर राहिलेले असतात. मी आपल्या जागी असतो तर हा दुसरा काळ घेतला असता. गुन्ह्याचे कारणही गावातूनच यावे. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांशी होणारे वाद, आंबा बागांचे करार, रस्त्यालगतच्या जमिनींची विक्री, यांपैकी कोणत्याही विषयात माणसे इरेला पेटतात हे आपण गावी पाहिले असेलच.

विनोदासाठी वेगळे प्रसंग रचू नयेत. पंचनाम्यासाठी पंच म्हणून सही करायला कोण तयार होतो, कोण कोणते कारण सांगून निसटतो आणि कोण न बोलावता येऊन उभा राहतो, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी हसू आपोआप येईल. संवाद मालवणीतच ठेवावेत, मात्र अधिकाऱ्यासमोर तीच माणसे पुस्तकी मराठी बोलू लागतात ते टिपावे. कोण कोणत्या क्षणी भाषा बदलतो, हा तपासाचा धागाही होऊ शकेल. आणि खून झालेल्या माणसासाठी गावात कोणीतरी एकजण खरोखर रडणारा असावा. कोथरूडच्या वाचिकेच्या हरकतीला मी वर दिलेले उत्तर आपल्या कादंबरीत खरे ठरायचे असेल तर हे पात्र वगळून चालणार नाही.

हस्तलिखित पुरे झाल्यावर मासिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावे. मी ते जरूर वाचीन आणि सविस्तर कळवीन.